सुरक्षा प्रपत्रात "पाणी किती तास टिकेल" हा रकाना नसतो

मराठवाड्यातल्या एका नगरपरिषदेत पाणीपुरवठा अभियंता म्हणून नुकत्याच रुजू झालेल्या वाचकाने विचारलं आहे: "दहशतवादी धोक्याच्या दृष्टीने महत्त्वाच्या ठिकाणांचं मूल्यमापन करून माहिती पाठवा, असं जिल्हा कार्यालयाचं पत्र आलं आहे. सोबतच्या प्रपत्रात संरक्षक भिंत, सीसीटीव्ही, सुरक्षारक्षक, दिवाबत्ती, अभ्यागत नोंदवही असे रकाने आहेत. हे भरून दिलं की आमचं केंद्र सज्ज झालं असं समजायचं का? सरकार हे मूल्यमापन नेमकं कसं करतं, आणि ते कसं व्हायला हवं?"

सज्ज झालं असं समजू नका. प्रपत्र जरूर भरा, वेळेत भरा, आणि जे नाही ते "आहे" म्हणून लिहू नका. पण त्या रकान्यांतून फाटकाची अवस्था कळते, गावातल्या नळाची कळत नाही. मी पाणीपुरवठ्यात नोकरी केली आणि पुढे मराठवाड्यातल्या जिल्ह्यांत सुरक्षा पाहणीच्या पथकांत पाणी आणि विजेच्या बाजूने बसत आलो. त्या अनुभवावरून सांगतो: जी सेवा त्या ठिकाणाहून लोकांपर्यंत जाते ती बंद पडली तर किती तास निभेल, आणि किती तासांत परत सुरू करता येईल, हे आधी ठरवायला हवं. भिंत किती उंच हवी ते त्यानंतर कळतं.

एक मर्यादा आधीच सांगून ठेवतो. कुठल्या केंद्रात काय उणीव आहे हे मी इथे लिहिणार नाही. नावं येतील ती सर्वांना माहीत असलेल्या घटनांची. तुम्हीही केंद्राचे नकाशे, फोटो, कमतरतांच्या याद्या व्हॉट्सॲपवर टाकू नका. पाहणीच्या दिवशी पथकाच्या ग्रुपवर पडलेला फोटो संध्याकाळपर्यंत कुठे कुठे पोचतो ते मी पाहिलं आहे.

आता सरकारी व्यवस्था. आपल्याकडे सगळ्या महत्त्वाच्या पायाभूत सुविधांना एकत्र बांधणारा एकच कायदा नाही. जबाबदारी वाटून दिलेली आहे. आपत्ती व्यवस्थापन कायदा 2005 चा. त्यात जिल्हाधिकारी हे जिल्हा प्राधिकरणाचे अध्यक्ष, आणि जिल्ह्याचा आराखडा करणं हे त्या प्राधिकरणाचं काम. धरणांसाठी 2021 चा धरण सुरक्षा कायदा आहे. त्यानुसार धरणाच्या मालकाने, म्हणजे आपल्याकडे बहुतेक ठिकाणी जलसंपदा विभागाने, जोखमीचा अभ्यास आणि आपत्कालीन कृती आराखडा करायचा असतो. घातक रसायनं मोठ्या प्रमाणात साठवणाऱ्या कारखान्यांना 1989 चे नियम लागू होतात: कारखान्याच्या आवारातल्या आराखड्याची रंगीत तालीम दर सहा महिन्यांनी, आवाराबाहेरच्या आराखड्याची वर्षातून एकदा तरी. संगणकीय यंत्रणांसाठी माहिती तंत्रज्ञान कायद्याखाली 2014 मध्ये एनसीआयआयपीसी ही केंद्रीय संस्था उभी राहिली. मोठ्या केंद्रीय आस्थापनांवर सीआयएसएफ, म्हणजे केंद्रीय औद्योगिक सुरक्षा दल असतं. राज्यात महाराष्ट्र सुरक्षा बल आहे. मुंबईवरच्या 2008 च्या हल्ल्यानंतर 2010 च्या कायद्याने त्याचं महामंडळ झालं. रेल्वेचं रेल्वे बघते. विमानतळाचे नियम नागरी विमान वाहतूक सुरक्षा ब्युरोचे. आणि जिल्ह्यात, पोलिसांची विशेष शाखा महत्त्वाच्या ठिकाणांची यादी ठेवते आणि अधूनमधून पाहणी करून सूचना देते. तुमच्याकडे आलेलं प्रपत्र याच प्रवाहातून आलं आहे.

प्रत्येकजण आपला तुकडा बघतो, आणि तुमची पाणीयोजना सगळ्या तुकड्यांवरून जाते. जॅकवेल, म्हणजे जिथून पंपाने कच्चं पाणी उचलतात ती विहीर, असते जलसंपदाच्या जलाशयात. तिथली वीज महावितरणची. कच्च्या पाण्याची जलवाहिनी रस्त्याच्या कडेने जाते, तो रस्ता सार्वजनिक बांधकामचा किंवा राष्ट्रीय महामार्गाचा. शुद्धीकरण केंद्र नगरपरिषदेचं, पण ते चालवतो ठेकेदार. म्हणजे एका नळापर्यंतच्या वाटेवर चार मालक आणि एक ठेकेदार, आणि प्रपत्र मात्र एकाच मालकाकडे. मी बसलो त्या बहुतेक बैठकांत विभागांच्या सीमेवरचा प्रश्न "संबंधितांना कळवावे" या शेऱ्यावर संपला. संबंधित कोण, हे इतिवृत्तात शोधून सापडत नाही.

"मराठवाड्यात कोण येणार आहे असलं काही करायला?" हा प्रश्न तुम्हालाही ऐकावा लागेल, आणि तो विचारणारी माणसं वाईट नसतात. त्यांना मे 2006 ची आठवण द्या. औरंगाबाद शस्त्रसाठा म्हणून ओळखल्या जाणाऱ्या त्या प्रकरणात एटीएसच्या पहिल्याच कारवाईत 30 किलो आरडीएक्स, 10 एके-47 रायफली आणि 3,200 काडतुसं पकडली गेली. जुलै 2016 मध्ये विशेष न्यायालयाने 12 जणांना दोषी ठरवलं, काहींची निर्दोष सुटकाही केली. ही दोन्ही वाक्यं एका दमात सांगा. धोका खरा होता, आणि संशय आलेला प्रत्येक माणूस गुन्हेगार नव्हता. एखाद्या मोहल्ल्याकडे बोट दाखवून केलेलं मूल्यमापन मला मान्य नाही. ते अन्यायाचं तर आहेच, शिवाय त्याने माहितीही आटते. ज्या वस्तीला आपण कायम संशयित धरलं, तिथला माणूस रात्री काही वेगळं दिसलं तर पोलीस ठाण्यात फोन करत नाही.

7 मे 2025 ला देशभर नागरी संरक्षणाची रंगीत तालीम झाली, त्यासाठी केंद्राने जाहीर केलेल्या यादीत मराठवाड्यातलं एकच नाव होतं, छत्रपती संभाजीनगर. बाकीच्या सात जिल्ह्यांच्या मुख्यालयांत पाणी, वीज, दवाखाने सांभाळणाऱ्या माणसांनी यातून एवढंच समजावं की आपली तयारी बरीचशी आपल्यालाच करायची आहे.

यादी करणं सोपं वाटतं, पण पहिली गडबड तिथेच होते. अमेरिकेने हा अनुभव घेतला आहे. तिथे 1998 पासून राष्ट्राध्यक्षांच्या आदेशाने महत्त्वाच्या सुविधांच्या संरक्षणाचं काम सुरू झालं, 2001 नंतर त्याला प्रचंड पैसा मिळाला, आणि राज्यांकडून मागवलेल्या नावांची एक राष्ट्रीय यादी तयार झाली. जुलै 2006 मध्ये तिथल्या गृहसुरक्षा खात्याच्याच महानिरीक्षकांनी ती तपासली. यादीत 77,069 ठिकाणं होती. इंडियाना या राज्याची 8,591, तर न्यूयॉर्कची त्याहून पुष्कळ कमी. मुलांनी कोकरांना हात लावायला जावं असं प्राणिसंग्रहालय त्यात होतं, मक्याच्या लाह्यांचा कारखाना होता, आठवडी बाजार होता. "महत्त्वाचं" म्हणजे काय हे न सांगता माहिती मागवली की प्रत्येक कार्यालय आपल्याकडे जे आहे ते कळवतं. आपल्याकडच्या याद्यांतही मी हेच पाहिलं: प्रत्येक सरकारी इमारत यादीत, आणि चार गावांना पाणी देणारं पंपहाऊस नाही, कारण ते माळावर आहे आणि तिथे कुणी साहेब बसत नाही.

मग महत्त्वाचं कसं ओळखायचं? मराठवाड्याला यासाठी परदेशी पाठ्यपुस्तक लागत नाही. इथल्या दुष्काळाने आपली परीक्षा घेऊन ठेवली आहे.

फेब्रुवारी 2013 मध्ये परळीचं औष्णिक वीज केंद्र पाण्याअभावी बंद करावं लागलं. क्षमता 1,130 मेगावॅटची, कोळसा होता, माणसं होती, यंत्रं धडधाकट होती. खडक्याच्या बंधाऱ्यात पाणी नव्हतं. 2015 मध्ये पुन्हा तीच वेळ आली. कुणी हल्ला केला नाही, कुणी भिंत ओलांडली नाही, तरी केंद्र थांबलं. त्या केंद्राचं मूल्यमापन करणाऱ्याने फाटकावरच्या बंदुका मोजल्या असत्या आणि पाण्याची वाट पाहिली नसती, तर त्याच्या अहवालाचा काय उपयोग झाला असता?

लातूरची गोष्ट याहून बोलकी आहे. धनेगावचं मांजरा धरण कोरडं पडलं. मार्च 2016 मध्ये जिल्हाधिकाऱ्यांना पाणी भरण्याच्या ठिकाणांभोवती कलम 144 लावावं लागलं. 12 एप्रिलला मिरजेहून पाणी घेऊन पहिली 'जलदूत' रेल्वेगाडी आली: दहा टाक्या, पाच लाख लिटर. नंतर पन्नास टाक्यांची गाडी, म्हणजे एका खेपेला पंचवीस लाख लिटर. पाच लाखांच्या आसपास लोकवस्तीच्या शहराला ते माणशी पाच लिटर पडतं. रेल्वे आणि मिरजेच्या लोकांनी केलेलं काम मोठं होतं, त्याबद्दल माझ्या मनात कृतज्ञता आहे. पण सुरक्षेच्या नजरेने या घटनेतून तीन आकडे घ्यायचे असतात. उद्भव, म्हणजे पाणी जिथून येतं तो स्रोत, बंद पडल्यापासून कायदा-सुव्यवस्थेचा प्रश्न उभा राहीपर्यंत किती काळ गेला. पर्यायी पाण्याची व्यवस्था उभी करायला किती दिवस लागले. आणि त्या पर्यायातून गरजेच्या किती टक्के भागली. दुष्काळ महिनोनमहिने सांगून येतो. घातपात सांगून येत नाही, म्हणून पहिला आकडा तासांवर येतो. दुसरा मात्र तसाच दिवसांत राहतो. या दोहोंतलं अंतर म्हणजे तुमच्या शहराचा धोका.

या हिशोबाला मी "तासांचा तक्ता" म्हणतो आणि नव्या अभियंत्यांना तो हाताने मांडायला लावतो. उद्भवापासून नळापर्यंत स्वतः फिरा. जॅकवेलवरचा चालू पंप बंद पडला तर राखीव पंप खरोखर चालतो का? चालवून बघा, "सुस्थितीत" या शिक्क्यावर जाऊ नका. एक्स्प्रेस फीडर, म्हणजे फक्त योजनेसाठी असलेली वीजवाहिनी, गेला तर दुसरीकडून वीज घेता येते का, त्यासाठी कुणाची परवानगी लागते, आणि ती रात्री दोन वाजता कोण देतं? कच्च्या पाण्याची वाहिनी फुटली तर त्या व्यासाचा पाइप आणि जोड भांडारात आहे का, नसेल तर कुठल्या गावाहून आणि कुठल्या वाहनाने येतो? तुरटी आणि क्लोरीन किती दिवसांचं आहे? जलकुंभ पूर्ण भरलेले असतील तर शहर किती तास निभेल, आणि एरवी ते किती भरलेले असतात? प्रत्येक टप्प्यासमोर दोन आकडे लिहा: किती तास तग धरेल, किती तासांत पूर्ववत होईल. दुसरा आकडा पहिल्यापेक्षा मोठा जिथे येतो तिथे लाल खूण करा. एवढ्या तक्त्याने तुम्हाला जे कळेल ते भिंतीच्या रकान्यातून कधी कळणार नाही.

मराठवाड्यात हा तक्ता मांडताना एक गोष्ट विसरू नका. आपल्या अनेक शहरांत नळाला पाणी रोज येत नाही, आठवड्यातून एकदाच येतं असंही आहे. त्यामुळे घराघरांत टाक्या, हौद, ड्रम भरलेले असतात. पुण्या-मुंबईत चार तास पाणी गेलं की ओरड होते. इथे पहिल्या दिवशी कुणाला पत्ताही लागत नाही. ही आपल्या लोकांनी हाल सोसून कमावलेली ताकद आहे. पण तिच्यामुळे चुकीचा समज होतो की वेळ पुष्कळ आहे. साठवण नसलेली ठिकाणं पहिल्या काही तासांतच अडचणीत येतात. डायलिसिसचं बघा: चार तासांच्या एका सत्राला फक्त द्रावणासाठीच 120 लिटरच्या घरात शुद्ध केलेलं पाणी लागतं, आणि ते शुद्ध करताना वाया जाणारं वेगळं. प्रसूतिगृह, तुरुंग, वसतिगृहं, अग्निशमनचे बंब भरण्याचे पॉइंट. तक्त्यात या ठिकाणांची वेगळी ओळ करा, प्रत्येकासमोर त्यांच्या टाकीची क्षमता लिहा, आणि अशा वेळी त्यांना टँकर कोण पाठवणार त्या माणसाचं नाव लिहा. पदनाम पुरत नाही, नाव हवं.

वीज आणि पाणी एकमेकांत किती गुंतले आहेत ते परळीने दाखवलं: विजेला पाणी लागतं, पाण्याच्या पंपाला वीज. त्यात मोबाइल मिळवा. टॉवरच्या बॅटऱ्या काही तासांच्या असतात, मग डिझेल. डिझेल पोचवायला रस्ता आणि पंपावर वीज. कुठल्याही एका विभागाच्या प्रपत्रात ही साखळी दिसत नाही, म्हणून महावितरणचा अभियंता आणि तुम्ही एका टेबलावर बसून तक्ता मांडायला हवा. कॅलिफोर्नियात मेटकाफ इथल्या वीज उपकेंद्रावर 16 एप्रिल 2013 ला मध्यरात्रीनंतर गोळीबार झाला, 17 रोहित्रं निकामी झाली, दुरुस्तीला 27 दिवस लागले. तरी परिसर अंधारात गेला नाही, कारण वीज दुसऱ्या वाटेने वळवता आली. तिथे कुंपण होतं, कॅमेरे होते, त्यांनी हल्ला थांबवला नाही. लोकांचे दिवे चालू राहिले ते दुसरी वाट आधीच बांधलेली होती म्हणून.

जोखीम म्हणजे धोका गुणिले उणीव गुणिले परिणाम, असं सूत्र प्रशिक्षणात शिकवतात आणि प्रत्येकाला एक ते पाच गुण द्यायला सांगतात. विचाराला शिस्त लावायला ते ठीक आहे. पण जिल्हा पातळीवर "धोका" या रकान्यातला आकडा बहुधा अंदाजाचा असतो. ती माहिती गुप्तचर यंत्रणांकडे असते आणि तुमच्यापर्यंत येत नाही, यावीही असं नाही. परिणाम मात्र तुम्हाला इतर कुणाहीपेक्षा अचूक माहीत असतो. म्हणून तुमचा वेळ परिणामाच्या रकान्यावर खर्च करा.

आता माणसांबद्दल. सुरक्षारक्षक: संख्या 2, असं लिहून रकाना भरतो. तो रक्षक कोण आहे? खाजगी सुरक्षा एजन्सीच्या 2005 च्या कायद्याखालच्या नियमांत शंभर तासांचं वर्गातलं आणि साठ तासांचं प्रत्यक्ष प्रशिक्षण सांगितलेलं आहे, माजी सैनिकांना त्याहून कमी. ते मिळालंय का, हे प्रमाणपत्र मागून बघा. पगार वेळेवर होतो का, तेही विचारा. हा प्रश्न सुरक्षेचा नाही असं कुणी म्हणालं तर मान्य करू नका. तीन महिने पगार थकलेला माणूस रात्री धरणाच्या काठावर एकटा बसलाय, त्याच्याकडे चालू बॅटरी नाही, फोनला रेंज नाही, आणि संकटात कुणाला फोन करायचा ते त्याला कुणी सांगितलेलं नाही, अशा ठिकाणी कॅमेरा बसवून काय साधणार? त्याच्या खोलीच्या भिंतीवर मोठ्या अक्षरांत पाच नंबर लिहून घ्या: 112, जवळचं पोलीस ठाणं, महावितरणचं उपकेंद्र, तुमचा स्वतःचा, आणि जवळच्या गावच्या पोलीस पाटलाचा. खर्च रंगाच्या डब्याचा.

व्हॉल्व्हमनला पाहणी पथकात घ्या, ही माझी सगळ्यात आग्रहाची सूचना. कुठला व्हॉल्व्ह किती आटे फिरतो, कुठला गेली कित्येक वर्षं बसलेला आहे, कोणती लाइन नकाशात आहे पण जमिनीत नाही, हे त्यालाच ठाऊक असतं. घातपात असो, अपघात असो की पूर, खराब भाग तोडून बाकीचं शहर चालू ठेवण्याचं काम तोच करणार आहे. तो निवृत्त व्हायच्या आत त्याच्याबरोबर फिरून सगळं कागदावर उतरवा आणि त्या कागदाची नीट राखण करा. जॅकवेलच्या बाजूला मासेमारी करणारे, वाहिनीच्या कडेचे शेतकरी, शेळ्या राखणारी माणसं, यांचीही ओळख असू द्या. पाहणीला साहेब आले की यांना हुसकून लावण्याची पद्धत आहे, ती मला नेहमी खटकत आली. धरणाच्या काठावर अनोळखी माणूस दोन दिवस घुटमळतोय हे पहिल्यांदा त्यांनाच दिसतं.

संगणकाचं थोडक्यात सांगतो, कारण उपाय सोपे आहेत आणि आळसामुळे राहतात. नव्या योजनांत पंप आणि व्हॉल्व्ह स्काडावरून, म्हणजे संगणकावरच्या दूरनियंत्रण यंत्रणेवरून चालतात. ज्या ठेकेदाराने ती यंत्रणा बसवली त्याच्याकडे दूरवरून लॉगिन अजून आहे का, पासवर्ड हस्तांतरणाच्या दिवसाचाच आहे का, त्याच संगणकावर कुणी सिनेमे बघतं का, एवढं आज तपासा. 12 ऑक्टोबर 2020 ला मुंबईची वीज गेली तेव्हा सायबर घातपाताचा संशय राज्याने मांडला, केंद्राच्या ऊर्जा खात्याने मानवी चूक म्हटलं. वाद काहीही असो, तुमच्यासाठी प्रश्न एकच: पडदा काळा झाला तर केंद्र हाताने चालवता येतं का, आणि ते येणारा माणूस त्या पाळीत असतो का? महिन्यातून एकदा एक पाळी हाताने चालवा. आणि एप्रिल 2022 च्या निर्देशांनुसार सायबर घटना लक्षात आल्यापासून सहा तासांत सर्ट-इन या केंद्राच्या सायबर सुरक्षा संस्थेला कळवावी लागते, हे केंद्रातल्या फलकावर लावून ठेवा.

रंगीत तालमीबद्दल मला जरा जास्त बोलायचं आहे, कारण सज्जतेचा सगळा दावा तिच्यावर उभा असतो. नेहमीची तालीम कशी होते? तारीख आधी कळते. बंब धुऊन आणतात. मंडप असतो, खोटा अतिरेकी असतो, बॉम्ब शोधक व नाशक पथकाचा कुत्रा असतो, फोटो निघतात, "तालीम यशस्वी" अशी बातमी येते. यात जवानांचा दोष नाही, ते मन लावून करतात. दोष आखणाऱ्यांचा आहे. ज्या तालमीत काही चुकत नाही तिच्यातून काही शिकताही येत नाही, आणि चुकू नये अशीच तिची आखणी असते.

मुंबईच्या हल्ल्यानंतर राज्य सरकारने नेमलेल्या राम प्रधान समितीने 2009 मध्ये अहवाल दिला. अशा वेळी कुणी काय करायचं याची कार्यपद्धती ठरलेली होती, ती त्या रात्री पाळली गेली नाही, हे त्यातलं एक मुख्य निरीक्षण होतं. आलेल्या इशाऱ्यांची जुळणी नीट झाली नव्हती, हेही. देशातल्या सगळ्यात मोठ्या पोलीस आयुक्तालयांपैकी एकाची ही गोष्ट. आपल्या जिल्ह्याच्या आराखड्यातलं परिशिष्ट कुणी कधी वापरून पाहिलं आहे?

म्हणून तालीम छोटी करा, न सांगता करा, रात्री करा. मंडप नको. रात्री दीड वाजता जॅकवेलवरच्या रक्षकाला सांगा की पंप बंद पडलाय आणि दोन अनोळखी माणसं दिसली, असं समज. आता तू काय करशील? हातात घड्याळ धरा. पहिला फोन कुणाला गेला, तो उचलला का, नियंत्रण कक्षात नोंद कोणत्या शब्दांत झाली, पोलीस किती वेळात निघाले, महावितरणला कुणी कळवलं, तुम्हाला स्वतःला किती वाजता कळलं. पोलीस ठाण्याला आणि निवासी उपजिल्हाधिकाऱ्यांना मात्र आधी विश्वासात घ्या, नाहीतर खरोखरची धावपळ होऊन कुणाला इजा व्हायची. एवढीशी तालीम महिन्याला एक जमली तरी वर्षभरात तुमचं केंद्र ओळखू येणार नाही इतकं सुधारतं, हे मी होताना पाहिलं आहे.

अंतरंही लक्षात घ्या. एनडीआरएफच्या, म्हणजे राष्ट्रीय आपत्ती प्रतिसाद दलाच्या, राज्यातल्या बटालियनचा मुख्य तळ पुण्याजवळ. राज्याच्या आपत्ती प्रतिसाद दलाची ठाणी धुळ्याला आणि नागपूरला. नांदेड, हिंगोली, परभणीला त्यातलं कुणीही यायचं म्हटलं तर काही तास सहज जातात. 30 सप्टेंबर 1993 च्या पहाटे किल्लारी हादरली तेव्हा पहिले कित्येक तास ढिगारे उपसले ते वाचलेल्या गावकऱ्यांनी आणि शेजारच्या गावांनी. त्यानंतर महाराष्ट्रात जिल्हावार आपत्ती व्यवस्थापन आराखडे आले, सप्टेंबर 2025 च्या पुरात ते पुन्हा कसाला लागले. पुरासाठी, भूकंपासाठी आणि घातपातासाठी तीन वेगळ्या तयाऱ्या कराव्या लागत नाहीत. पहिल्या सहा तासांत लागणारी माणसं, फोन, डिझेल, सुटे भाग सगळीकडे तेच आहेत. घातपाताच्या वेळी एकच गोष्ट वेगळी असते आणि ती प्रत्येक कामगाराला सांगून ठेवा: पोलीस आणि बॉम्ब शोधक पथक ठिकाण मोकळं करून देत नाही तोवर दुरुस्तीला आत जायचं नाही, आणि कशाला हात लावायचा नाही. दुसरा धोका तिथेच दबा धरून असू शकतो, पुरावाही नष्ट होतो. आपले लाइनमन आणि फिटर जिवाची पर्वा न करता धावतात. त्यांना थांबवायला आधीच शिकवलेलं हवं.

शेवटी अहवालाचं काय होतं ते. पाहणीनंतर "गोपनीय" शिक्का मारून अहवाल येतो, आणि बऱ्याच कार्यालयांत तो कपाटात जातो. साहेब बदलतात, किल्ली बदलते, ज्याने पंप चालवायचा त्याने अहवाल कधी वाचलेलाच नसतो. गोपनीयता हवीच, तिच्याबद्दल मी सुरुवातीलाच बोललो. पण अहवाल फोडून देता येतो. पूर्ण अहवाल दोन-तीन अधिकाऱ्यांकडे, आणि प्रत्येक कामगाराला त्याच्या कामापुरतं एक पान, तेही तोंडी समजावून. पुढच्या वर्षी अनुपालन अहवालात "कार्यवाही सुरू आहे" असं पुन्हा लिहायची वेळ येऊ नये म्हणून प्रत्येक सूचनेपुढे खर्च, निधी कुठून येणार आणि जबाबदार माणूस हे तीन रकाने स्वतःहून वाढवा. निधी नसेल तर तसं स्पष्ट लिहा आणि जिल्हा नियोजन समितीकडे मागणी पाठवा. लेखी मागणी दप्तरात असेल तर पुढचा अधिकारी तिथून पुढे जातो.

तुमच्या प्रपत्राबाबत, उद्याच्या उद्या करण्यासारखं: मागितलेले रकाने जसे आहेत तसे भरा. शेवटच्या "इतर माहिती" या ओळीत लिहा, "सेवा टिकण्याचा व पूर्ववत होण्याचा तासनिहाय तक्ता स्वतंत्र गोपनीय लखोट्यात सोबत जोडला आहे." तक्ता एका पानाचा ठेवा, तीन पानांचा झाला तर कुणी वाचणार नाही. लाल खुणेच्या जागांपैकी सर्वात आधी कुठली दुरुस्त करायची ती एकच निवडा आणि तिचा अंदाजित खर्च द्या. लखोट्याची एक प्रत महावितरणच्या उपकार्यकारी अभियंत्यांना स्वतः नेऊन द्या आणि पोच घ्या. त्यांच्या फीडरबद्दलचा तुमचा आकडा त्यांना चुकीचा वाटला तर तिथल्या तिथे पेन्सिलने दुरुस्त करून घ्या, आणि मगच जिल्ह्याला पाठवा.